सणापुरती

“सणाला तेवढ्या दिसता. मधे कुठे असता?”

मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची उपासना, आटोपली की चर्चच्या पायऱ्यांवर हा प्रश्न हमखास येतो. आवाज गोड असतो, नाताळ असतो ना! मी हसते, “कामं हो,” म्हणते आणि सटकते. अशी बरीच वर्षं सटकले. यंदा तुम्ही विचारलंत आणि उत्तर येईपर्यंत थांबलातसुद्धा, म्हणून नीट सांगते.

आम्ही काही थोडेथोडके नाही. चर्च ऑफ इंग्लंड दरवर्षी शिरगणती करतं. २०१९ मध्ये तिथे आठवड्याची सरासरी उपस्थिती साडेआठ लाखांच्या आसपास होती आणि नाताळची सुमारे २३ लाख. आम्हाला नावंही आहेत. इंग्रजीत ‘सी अँड ई’, म्हणजे ख्रिसमस आणि ईस्टरवाले. जर्मन लोक ‘पाणबुडी ख्रिस्ती’ म्हणतात: वर्षातून एकदा वर यायचं, की पुन्हा बुडी. मला हे नाव आवडतं. पाणबुडी दिसत नसली तरी असते कुठेतरी, एवढं तरी त्यात कबूल केलंय.

तक्रारही जुनीच आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस अंत्युखिया शहरात प्रवचनं करणारे संत योहान क्रिसोस्तोम यांनी सणापुरत्या येणाऱ्यांवर चांगलेच कोरडे ओढले होते. तेही सणाच्याच दिवशी, म्हणजे ज्यांना ऐकवायचं ते समोर असताना. हे त्यांचं मला पटतं. एरवी गैरहजरांवरचा राग हजर असलेल्यांवर निघतो आणि दर रविवारी येणारे बिचारे उगाच बोलणी खातात.

त्याच्याही मागे गेलं, तर बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात सगळ्या पुरुषांनी वर्षातून तीनदा देवापुढे हजर व्हावं अशी आज्ञा आहे: बेखमीर भाकरीचा सण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण. येशूचे आईवडील दरवर्षी वल्हांडणाला यरुशलेमला जात, असं शुभवर्तमानकार लूक लिहितो. सणाला देवाच्या दारी जाणं ही काही आमच्या आळसातून निघालेली पळवाट नाही, एवढंच मला म्हणायचंय. बाकी नियमाने बघाल तर मी दोषीच. चर्चच्या १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन आणि निदान ईस्टरला तरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेणं, असा नियम केला. ते किमान होतं, आम्ही ते कमाल करून टाकलं. दर रविवारची मिस्सा आजही चुकवायची नसते.

मग मी का चुकवते? श्रद्धा उडाली असं समजू नका. श्रद्धा उडायला काहीतरी घडावं लागतं. माझ्या बाबतीत काहीच घडलं नाही. नोकरी पाळ्यांची लागली. शनिवारची रात्रपाळी करून आलेल्या माणसाला रविवारची घंटा ऐकू येत नाही असं नाही, तो उशी कानावर ओढतो इतकंच. पुढे पाळ्या बदलल्या, रविवार मोकळा झाला, पण तोवर सवय मोडली होती. “आजच्या दिवस राहू दे” असं म्हणता म्हणता वर्षं गेली. यात थोडा आळस होता, तोही लिहून ठेवा.

एकदा मनाशी ठरवून साध्या रविवारी गेले होते. सामान्य काळातला कितवा तरी रविवार, फादरांच्या अंगावर हिरवी वस्त्रं, अर्धे बाक रिकामे. दारातच ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, “आज इकडे कुठे?” त्यांच्या मनात काही नव्हतं. पण आत जाऊन बसेपर्यंत मी त्या वाक्याचं उत्तरच जुळवत राहिले. मग कम्युनियनची वेळ आली. बरीच वर्षं पापनिवेदन केलेलं नाही, तेव्हा मी बसून राहिले. बाकावरचे सगळे उठले. मी गुडघे एका बाजूला वळवले आणि ते एकेक करून माझ्यापुढून सरकत गेले. सात माणसं. सातही जणांनी माझ्याकडे न बघण्याची काळजी घेतली आणि ती काळजी मला दिसली. परत येतानाही तेच. पुढच्या रविवारी मी गेले नाही.

नाताळच्या रात्री हे होत नाही. लोक भिंतीला टेकून उभे असतात, दाराबाहेर असतात. कोण रांगेत गेलं आणि कोण नाही, कुणाला पत्ता लागतो? माझ्यासारख्या कंटाळखोरांचं सोडा, पण ज्यांनी घटस्फोटानंतर चर्चच्या नियमाबाहेर लग्न केलंय, त्यांना ती रांग बहुधा बंदच असते. अशी माणसं गर्दीच्याच दिवशी येतात, ते दिखाव्यासाठी नव्हे. गर्दीत लपता येतं म्हणून.

२०११ च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांपासून, इंग्रजी मिस्सेचा नवा अनुवाद लागू झाला. फादर ‘द लॉर्ड बी विथ यू’ म्हणाले की ‘अँड ऑल्सो विथ यू’ ऐवजी ‘अँड विथ युवर स्पिरिट’ म्हणायचं. नेहमीच्यांना चार आठवडे सराव मिळाला होता. आम्ही थेट नाताळला उगवलो आणि लहानपणापासून पाठ असलेलं जुनं उत्तर खणखणीत आवाजात देऊन मोकळे झालो. वर्षभर कोण कुठे होतं, सगळ्यांसमोर उघडं पडलं. शेजारचा अनोळखी माणूस माझ्याकडे बघून ओशाळं हसला, मीही हसले. आमची जमात किती मोठी आहे, ते मला त्या रात्री कळलं.

आणखी एक गोष्ट बघा. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मिस्सेला जायचं बंधन नाही, तरी चर्च भरतं. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारीही भरतं. मला वाटतं, त्या दिवशी काहीतरी मिळतं म्हणून. राख कपाळावर लागते, झावळी हातात येते, आणि त्यासाठी तुमचा हिशेब चुकता आहे का, हे कुणी विचारत नाही. ईस्टरच्या जागरणाला तर मी कधी चुकत नाही. सगळे दिवे बंद. बाहेर पेटवलेल्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती लावून आत आणतात आणि तिच्यावरून एकाची दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. माझी पेटवून देणारा माझं नाव विचारत नाही. मेणबत्तीभोवतीच्या कागदातून गरम मेण अंगठ्यावर गळतं, आणि मागच्या बाकाकडे वळून आपली ज्योत पुढे करेपर्यंत हात हलवता येत नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात सगळं उधळून घरी परतलेल्या धाकट्याला मेजवानी मिळते, आणि इतकी वर्षं राबलेला थोरला बाहेर रुसून उभा राहतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो खरा, पण तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलेलं नाही. वर्षभर झाडलोट तुम्ही करायची, गाणी तुम्ही बसवायची, आणि नाताळला जागा आम्ही अडवायच्या.

गेल्या नाताळला मी खांबाजवळच्या बाकावर बसले होते. ती एका आजींची ठरलेली जागा, हे मला त्या आल्यावर कळलं. मी उठायला लागले, तर त्यांनी माझा दंड धरून बसवलं आणि स्वतः कडेला कशाबशा मावल्या. गाणं सुरू झालं तसा त्यांनी पदराने चष्मा पुसला, पुस्तक दोघींच्या मधे धरलं आणि ओळीवर बोट ठेवलं. बोट शब्दाशब्दाने पुढे सरकत होतं. मला ते गाणं तोंडपाठ होतं, पण बोलले नाही काही, त्यांच्या बोटामागून वाचत गेले. निघताना त्यांनी काही विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी घंटा झाली तेव्हा मी जागी होते. गेले नाही, ते तुम्हाला माहीतच आहे.