तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना परदेशी शिकायला पाठवायचं काम म्हणजे दिवसभर करता काय?

नागपुरात परदेशी शिक्षणाचा सल्ला देण्याचं काम करतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात, आणि हल्ली या क्षेत्रात नोकरी करू पाहणारी तरुण मुलंही विचारतात. प्रश्नाचे भाग दोन असतात. दिवसभर नेमकं काय करता, आणि त्यातून तुम्हाला काय मिळतं? दुसरा भाग लोक जरा बिचकत विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

विद्यापीठ सुचवणं हा या कामाचा लहानसा भाग. खरं काम कागदांचं. हुशार मुलगा गुणांमुळे अडकतो त्याहून जास्त वेळा कागदामुळे अडकतो, आणि ते टाळता येतं. म्हणूनच हे काम करावंसं वाटतं.

पहिली गाठ नावाशी. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने: सरनेम आणि गिव्हन नेम. वडिलांचं नाव कुणाच्या गिव्हन नेममध्ये असतं, कुणाच्या नसतं. विद्यापीठाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये मिडल नेमचा तिसरा रकाना दिसला की मुलगा वडिलांचं नाव तिथे टाकतो. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेला तिसऱ्याच पद्धतीने लिहितो आणि बँकेत चौथ्या. नियम एकच: पासपोर्टवर जसं आहे तसंच सगळीकडे, एका अक्षराचाही फरक नको. पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामा असेल आणि पूर्ण नाव गिव्हन नेममध्ये छापलं असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं, म्हणजे नाव माहीत नाही. मग तिथल्या प्रत्येक नोंदीत तेच मागे लागतं. असा पासपोर्ट पहिला अर्ज भरण्याआधी दुरुस्त करून घ्यावा, कारण ऑफर लेटर, आय-20 (अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसासाठी तिथलं विद्यापीठ देतं तो फॉर्म), कर्जाचं मंजुरीपत्र, सगळं त्याच नावावर निघतं. मार्कशीट आणि पासपोर्टच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र लवकर करून ठेवायचं.

दुसरी गाठ ट्रान्सक्रिप्टची, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या एकत्रित दाखल्याची. इथे जर्मनीचं उदाहरण घेतो, कारण नागपूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा ओढा तिकडे मोठा आहे आणि चूक दिसतही नाही अशी होते. जर्मन विद्यापीठं आपले गुण त्यांच्या मापात बदलतात. तिथे 1 सर्वोत्तम आणि 4 म्हणजे जेमतेम पास. त्यासाठीचा बव्हेरियन फॉर्म्युला असा: जास्तीत जास्त गुणांतून मिळालेले गुण वजा करा. त्याला जास्तीत जास्त आणि पास होण्यापुरते किमान गुण यांच्यातल्या फरकाने भागा. आलेल्या उत्तराला 3 ने गुणा आणि 1 मिळवा. समजा मुलाचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सेमिस्टरची सरासरी ग्रेड, 10 पैकी 7 आहे. पास होण्याची किमान ग्रेड 4 धरली तर उत्तर 2.5 येतं. तीच 5 धरली तर 2.8. एखाद्या अभ्यासक्रमाची अट ‘2.5 किंवा त्याहून चांगली’ अशी असली, तर तोच मुलगा एका हिशेबात आत आणि दुसऱ्यात बाहेर. मुलाचे गुण तेच, बदलला तो फक्त कागदावरचा एक आकडा. म्हणून ट्रान्सक्रिप्टवर किंवा वेगळ्या पत्रावर किमान पासिंग ग्रेड विद्यापीठाकडून स्पष्ट लिहून घ्यायची. कॉलेजच्या नियमात एक आणि मार्कशीटच्या मागे दुसरंच छापलेलं असलं, तर अर्ज तपासणारा त्याच्या समजुतीप्रमाणे आकडा धरतो.

बॅकलॉगच्या मार्कशीट लपवायच्या नाहीत. नापास झालेल्या प्रयत्नांच्याही लागतात, आणि ट्रान्सक्रिप्टवरच्या तारखांवरून ते कळतंच. जर्मनीसाठी 2022 च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागद तपासून खरे असल्याचा दाखला, सक्तीचं झालं आहे. त्याची फी 18,000 रुपये आणि वेळ काही आठवडे. व्हिसाला ते लागतंच, आणि बहुतेक विद्यापीठं अर्जालाच मागतात, म्हणून तो वेळ मुदतीच्या अलीकडे धरायचा. हिवाळी सत्राची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलै असते, काही ठिकाणी त्याच्याही खूप आधी. आपल्याकडे शेवटच्या सेमिस्टरचा निकाल तोवर लागलेला असेलच असं नाही. म्हणून सव्वा वर्ष आधी या, असं आम्ही सांगत असतो. लोकांना ते घाई केल्यासारखं वाटतं.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात: तीन पत्रं एकाच भाषेत आणि एकाच साच्यात असली की वाचणाऱ्याला लगेच कळतं. पत्र अपलोड करायची विद्यापीठाच्या पोर्टलची लिंक पत्र देणाऱ्या सरांच्या मेलमध्ये स्पॅममध्ये पडलेली असते, तेव्हा त्यांना फोन करून बघायला सांगावं.

आता पैसा. विदर्भातल्या घरांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे असतो. वडील म्हणतात, “दहा एकर आहे, संत्र्याचा बगीचा आहे, पोराचं होऊन जाईन ना?” शेती असणं आणि शैक्षणिक कर्जाला तारण असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँका वापरतात त्या सरफेसी कायद्यात शेतजमीन वगळलेली आहे, म्हणजे कर्ज थकलं तर बँकेला त्या कायद्याने ती विकून वसुली करता येत नाही. त्यामुळे सातबारा घेऊन गेलेल्या माणसाला बँका सहसा परत पाठवतात. फ्लॅट, मुदत ठेव किंवा एनए (बिगरशेती) झालेला प्लॉट चालतो. नागपुरात लेआउटमधला प्लॉट असेल तर बँकेचा वकील पहिल्यांदा एनआयटीचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं रिलीज लेटर, मागतो. ते नसेल तर आधी त्याच्या मागे लागा, विद्यापीठ नंतर बघू.

रक्कम किती यापेक्षा ती कुठे आणि किती दिवस आहे याला महत्त्व. ब्रिटनच्या व्हिसासाठी लागणारी रक्कम खात्यात सलग 28 दिवस असावी लागते. मधल्या एका दिवशी जरी विमा हप्त्याची ऑटो-डेबिट लागून शिल्लक खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. खातं मुलाचं किंवा आईवडिलांचं हवं. काकांच्या खात्यातली रक्कम, काका कितीही जीव लावत असले तरी, चालत नाही. आईवडिलांचं खातं दाखवलं तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडावं लागतं. जर्मनीत वेगळंच: एका वर्षाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला 992 युरो हातात येतात.

उलट्या दिशेचंही काम असतं, त्याची चर्चा कमी होते. नागपुरात शिकायला आलेल्या परदेशी मुलांसाठी वसतिगृहाने किंवा घरमालकाने 24 तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला माहिती कळवायची असते, आणि 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या मुलाची तिथेच 14 दिवसांत नोंदणी. घरमालकांना हे माहीतच नसतं, आणि त्रास त्या मुलाला होतो.

आता, काय मिळतं. पैशाचं स्पष्ट सांगायला हवं, कारण पालकांचा निम्मा संशय त्यातूनच येतो. अनेक परदेशी विद्यापीठं मुलाने प्रवेश घेतल्यावर सल्लागार संस्थेला पहिल्या वर्षाच्या फीवर ठरावीक टक्के देतात. जर्मनीची सरकारी विद्यापीठं असं कमिशन देत नाहीत. तेव्हा कुणी जर्मनीचा विषय काढताच दुसऱ्या देशाकडे वळवू लागलं, तर पैसे कुठून येणार हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर उठून यावं. माझं मत ठाम आहे: ‘हा कोर्स घेऊ नकोस, एक वर्ष थांब’ असं ज्याला म्हणता येत नाही, त्याने या कामात पडू नये. 40 लाखांचं कर्ज काढून नाव न ऐकलेल्या ठिकाणी एक वर्षाचा कोर्स, आणि पुढे नोकरीची वाट नाही, याचं ओझं घराला वीस वर्षं पुरतं.

आणि पैशापलीकडचं. या शहराला शिष्यवृत्तीवर परदेशी शिकण्याची ताकद वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बाबासाहेब 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, हे इथे घराघरात माहीत आहे. पण आजची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी दर वर्षी 75 जागांची आहे, आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 125 जागांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे, हे त्याच घरांत पोहोचलेलं नसतं. केंद्राच्या योजनेला विनाअट ऑफर लेटर लागतं. अंतिम निकाल नसला की विद्यापीठ ‘निकालाच्या अटीवर’ पत्र देतं आणि मुलगी पात्र असून बाहेर राहते. तिच्या घरात हे आधी सांगणारं कुणी नसतं. धरमपेठेतल्या डॉक्टरांच्या मुलाला मावसभाऊ बोस्टनमध्ये असतो, तो फोनवर सगळं सांगतो. उमरेडच्या किंवा काटोलच्या मुलीचा तो मावसभाऊ आपण व्हायचं, एवढ्यासाठी हे काम करतो.

तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीत कुणाला यायचं असेल तर पहिल्या भेटीला पासपोर्ट, दहावीची मार्कशीट, सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट (बॅकलॉगसकट) आणि तारण म्हणून जे दाखवायचं आहे त्याचे कागद आणा. विद्यापीठांची यादी आणायची गरज नाही. आणि आईवडिलांपैकी पैशाचा निर्णय जो घेतो, त्याला सोबत आणा.