भाई जेवून गेला

आज दुपारी भाई आला आणि आईने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. गोष्ट एवढीच, पण ती मला झोपू देत नाही. एरवी समोर बसून कितीही आर्जवे केली तरी तिची अर्धी वाटी संपत नाही. आज मात्र भाईने आणलेल्या इसवणाची (सुरमईची) तुकडी तिने काटा न् काटा सोलून खाल्ली. ते इसवण माझ्याच पैशांचे होते की उधारीचे, हे मी विचारले नाही. चतुर्थीला नेलेल्या रकमेचा विषय त्यानेच काढला. "तुझे वीस हजार अगदी सुखरूप आहेत, फक्त माझ्याकडे नाहीत," असे तो म्हणाला आणि आईबरोबर मीही हसलो. मी का हसलो?

आईचे माहेर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले असल्यामुळे भाई आला की कुष्टोबा राण्याची गोष्ट निघतेच. सरकारदप्तरी तो दरोडेखोर. पण 1869 पासून 1871 पर्यंत त्याने पोर्तुगीज शिपायांना रानोमाळ पळवले आणि त्यांच्या हातावर तुरी दिल्या, हे सांगताना तिचा आवाज तरुण होतो. तो शेवटी मारला गेला, इथपर्यंत तिची गोष्ट कधी पोहोचत नाही, आणि ज्यांच्या घरी धाड पडली त्यांचे तर नावही निघत नाही. ज्या मुलखात 1852 मध्येच दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेऊन बंड केले होते, तिथल्या रयतेला शिपायाची फजिती गोड वाटली असेल, हे मला समजते.

पण मग गोव्यातल्याच पर्वरीचे काय? तिहारच्या पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई चारून पळालेल्या खुनी चार्ल्स शोभराजला 6 एप्रिल 1986 रोजी तिथल्या हॉटेलात मुंबईच्या पोलीस इन्स्पेक्टर मधुकर झेंड्यांनी पकडले. त्याने कोणत्या रयतेचा कैवार घेतला होता? विश्वासाने जवळ आलेल्या प्रवाशांना त्याने मारले. तरीही त्या हॉटेलात पुतळा बसवला तो त्याचा, आणि गेल्या वर्षी पाहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा त्याच्या शेजारी बसून मीही फोटो काढून घेतला होता. आता तो फोटो पाहिला. भाईच्या विनोदाला हसतो तसाच हसलो आहे.

माझा वाटा या घरात झेंड्यांचा, तोही पदकाशिवाय. आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायच्या, विजेचे बिल भरायचे, आईला तपासायला न्यायचे. बाबा असते तर... असो. डबीतल्या सकाळच्या-रात्रीच्या गोळ्यांचा किस्सा होत नाही, आणि तो ऐकून कुणी भात मागणार नाही. माझ्यावर अन्याय होतो, असे मी मघाशी इथे लिहिले होते. ते खोडले, कारण भाई महिनाभर फिरकला नाही की फाटकाकडे आईइतकेच माझेही लक्ष असते.

निघताना त्याने पेट्रोलसाठी पाचशे रुपये मागितले. मी पाचशेच्या दोन नोटा दिल्या.