ताई असतात ते तास माझ्या डिझाइनचे
बाळाला सांभाळायला ताई यायला लागल्या तेव्हापासून माझ्या बिझनेसला खरा वेग आलाय. डिझाइनचं काम असं असतं ना की डोकं त्यात शिरायलाच वेळ लागतो, मधेच उठलं की परत पहिल्यापासून, म्हणून ताई असतात ते तास फक्त नवीन डिझाइनला आणि इनव्हॉइस, मेल वगैरे बाळ झोपल्यावर. ताईंचा पगार मी कोटेशनमध्येच धरते, धरायलाच हवा, तो धंद्याचाच खर्च आहे! साधारण 8-9 महिन्यांपुढे आई दिसेनाशी झाली की मुलं रडतात, ते वयच तसं, त्यामुळे गुपचूप न सटकता टाटा करूनच कामाला बसते. आणि ताईंच्या सुट्टीच्या दिवशी डेडलाइन ठेवतच नाही, त्यांनाही त्यांची लेकरं आहेत ना.