दगड गेला, चुना राहिला

कासा किल्ल्यावर, म्हणजे पद्मदुर्गावर, मी कामासाठी सहा वेळा गेलोय, पण डोक्यात सारखी येते ती चौथी फेरी. मार्चमधली. कुणाला सांगितलं की म्हणतात "एवढंच ना?" म्हणून आता एकदाचं लिहूनच काढतो.

किल्ल्यांच्या डागडुजीचं काम ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात वर्षातले आठ महिने परवानग्या आणि एस्टिमेट यातच जातात, आणि पाण्यातला किल्ला असेल तर उरलेले तास चंद्र ठरवतो. मुरूडच्या नाखव्याला तारीख सांगितली तर तो हसतो, त्याला तिथी लागते. हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. त्या दिवशी संकष्टी होती, चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला पूर्ण भरती आणि सकाळी नऊच्या आसपास पूर्ण सुकती. मी मोबाईलवर टाईड टेबल काढून बसलेलो, वीसेक मिनिटांचा फरक आला, बास. सातला निघालो, कंबरभर पाण्यात उतरून सामान डोक्यावर घेतलं, आणि नाखव्याने बजावलं की एकच्या आत बोटीत या, वारा उठला की मी थांबणार नाय. त्याचा उपास होता त्यामुळे आवाज जरा चढाच होता.

सोबत एक म्हातारे गवंडी होते, बाजूच्याच गावचे. आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणतो. ऑफिसने त्यांना 'कुशल मजूर' म्हणून लावलंय, आमच्या ऑफिसात अक्कल हुद्द्यावरून मोजतात त्याला मी तरी काय करणार.

ज्यांनी किल्ला बघितला नाही त्यांच्यासाठी थोडं. सगळी दुनिया जंजिऱ्याला जाते, शिडाच्या होडीत बसते, कलालबांगडी तोफेवर हात ठेवून फोटो काढते आणि घरी जाते. तिथूनच समुद्रात वायव्येला एक छोटं बेट दिसतं तो कासा. सिद्दीला जंजिऱ्यातच कोंडून धरायचं म्हणून महाराजांनी हा किल्ला त्याच्या समोर आणून ठेवला. सिद्दीच्या तोफांची भीती सतत डोक्यावर असताना समुद्रात बांधकाम करायचं म्हणजे काय हे आमच्यासारख्या लोकांनाच कळेल ज्यांची सिमेंटची गोणी बोटीतून उतरवताना भिजली की दिवस फुकट जातो. किल्ल्याचे दोन भाग आहेत, मुख्य किल्ला आणि पुढे पडकोट, म्हणजे बाहेरचा कोट, आणि पडकोटाच्या मोठ्या बुरुजाला वरती कमळाच्या पाकळ्यांसारख्या चर्या, म्हणजे कठड्याचे दगडी दात. खाली उभं राहून बघितलं की मान दुखते पण बघवत राहतं. आत तोफा अजून गवतात पडल्यात, त्यांच्यावरही बदाम आणि नावं कोरणारे महाभाग पोचलेत, त्यासाठी बरी बोट मिळते लोकांना.

२०२५ ला युनेस्कोच्या यादीत बारा किल्ले गेले, त्यात पाण्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग आहेत, विजयदुर्ग आहे. कासा नाही. जंजिरापण नाही म्हणा. पण त्यानंतर जो तो त्या बारांच्याच मागे, आमच्या फायलीवर धूळ.

आता मुद्द्याचं. या तटाची गंमत अशी की दगड झिजलाय आणि चुना उभा आहे. म्हणजे दोन दगडांमधला जो दर्जा असतो ना, सांध्यात भरलेला चुना, तो तसाच्या तसा, आणि दगड आत खोल गेलेला, हातभर लांबून बघितलं तर मधाच्या पोळ्यासारखं दिसतं. काही ठिकाणी माझी अख्खी मूठ आत जाते आणि भोवती चुन्याची चौकट, पापडाएवढी जाड, टोकदार, कडक. आम्हाला कॉलेजात शिकवलं ते बरोबर उलटं. मसाला दगडापेक्षा मऊ पाहिजे, खारं पाणी आलं गेलं तर त्याने मसाल्यातून यावं जावं, झिजायचं तर मसाल्याने झिजावं, दगड वाचला पाहिजे, मसाला काय परत भरता येतो. इथे चुन्याने दगडाला मागे टाकलं.

दगड का जातो ते कळतं. लाट थेट जिथे आपटते तिथे, अगदी पायथ्याला, झीज कमी आहे कारण तो भाग ओलाच असतो. खरी वाट लागलीय कमरेपासून डोक्यावर हातभर, जिथे नुसते तुषार उडतात. दगड भिजतो, उन्हात सुकतो, पाणी उडून जातं आणि मीठ दगडाच्या भोकाभोकांत स्फटिक होऊन फुगतं, कण कण सोलून काढतं. आपला काळा पाषाण सगळीकडे सारखा घट्ट नसतो, काहीत पांढरे ठिपके असतात, पोकळ्या असतात, ते दगड आधी गेलेत. बोटाने घासलं तर भुगा हातात येतो आणि जिभेला लावला तर खारट. (हो, लावतो आम्ही जिभेला. सगळे लावतात, रिपोर्टात लिहीत नाही.)

म्हणूनच आमच्या एस्टिमेटमध्ये सिमेंट पॉइंटिंगचा, म्हणजे दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरायचा, आयटम बघून मी भडकलो होतो. कुठल्यातरी धरणाच्या भिंतीच्या कामातून कॉपी पेस्ट. सिमेंट लावलं की पाणी आत अडकतं, मग ते दगडातूनच बाहेर पडतं, आणि उरलेला दगडही जातो. साहेबांना सांगितलं तर म्हणाले चुन्याचा रेट मंजूर नाही, आधी सॅम्पल टेस्ट करून आण, मग बघू. म्हणून ही फेरी.

सॅम्पल म्हणजे दर्ज्याचा मूठभर तुकडा. लॅबमध्ये तो ॲसिडमध्ये विरघळवतात, चुना फसफसून जातो, खाली रेती राहते, ती चाळण्यांतून चाळून मोजतात. मोडून पडलेला तुकडा चालला असता. पण पडलेले तुकडे समुद्र घेऊन जातो, आणि मी घाईत होतो, साडेदहा झाले होते, पाणी चढायला लागलेलं. मी एक उभी चौकट बघितली, छान बाहेर आलेली, छिन्नी लावली आणि हातोडी मारली. पहिल्या फटक्याला काही नाही. दुसऱ्याला नुसता टणत्कार. तिसऱ्याला वीतभर तुकडा सुटला, अर्धा माझ्या हातात, अर्धा खाली पाण्यात.

बाबा मागे उभे होते. ते ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पोरा, समिंदरान नाय तोरला तो तू तोरलास."

मी म्हटलं बाबा टेस्टसाठी लागतं, कागद आहे माझ्याकडे परवानगीचा. त्यांनी माझ्या हातातला तुकडा घेतला, तुटलेली बाजू उन्हात धरली, नखाने खरवडली. आत शिंपल्याचे न भाजलेले कण चमकत होते, मधे मधे चुन्याच्या पांढऱ्या गुठळ्या. म्हणाले, शिंपल्याचा चुना, भट्टीत थोडा कच्चा राहिलेला, रेती खाडीची नाय, धुतलेली, आणि घाणीत लय फिरवलेला. त्यांच्या आज्याकडे चुन्याची घाणी होती, बैल लावून गोल चरात दगडी चाक फिरवायचे, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालत घालत, बोटाला चिकटून तार सुटेपर्यंत. आता एवढा मळायला कोणाला वेळ हाय, असं म्हणून तुकडा माझ्या पिशवीत टाकला आणि बोटीकडे चालायला लागले. परतीच्या वाटेत बोलले नाहीत. नाखवाही नाही, पण तो उपासामुळे.

लॅबचा रिपोर्ट पाच आठवड्यांनी आला. चुना शिंपल्याचा, रेती धुतलेली, अर्धवट भाजलेल्या कवचांचे अवशेष. शेवटी बिल. मी तो तीनदा वाचला, बाबांनी एका मिनिटात सांगितलं त्यापेक्षा जास्त त्यात होतं ते फक्त आकडे आणि शिक्का. आकडे लागतात हे मला कळतं, त्या शिक्क्याशिवाय साहेब सिमेंटचा आयटम काढणार नव्हते, आणि तो निघाला पण. म्हणजे तुकडा वाया गेला नाही असं मी स्वतःला सांगतो. पण पडलेला तुकडा शोधायला मी दहा मिनिटं दिली असती तर, हे काही जात नाही. भिंतीवर तिथे आता वीतभर ताजी पांढरी जखम आहे, फोटोत मीच घेतलेली, स्केल लावून.

लॅबने अर्धा तुकडा परत पाठवलाय. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पिशवीत, नंबर टाकून. बाबांचा मध्ये फोन आलेला दुसऱ्याच कामाचा, ठेवता ठेवता विचारलं, "तो उरलेला हाय का रं?" मी हो म्हटलं. म्हणाले चुना भिजत घालून ठेवतो, पावसाळा जाऊ दे.

नारळी पौर्णिमा झाली की नाखव्याला फोन करायचाय. तो तिथी विचारेल.