स्टेजवर गिगावॉट, गच्चीवर वानरं

मागच्या महिन्यात आपल्या बडोद्यात सोलरवाल्यांची एक कॉन्फरन्स झाली, आणि आमच्या साहेबांच्या घरी नेमकं लग्न निघाल्यामुळे तिथे जायचा नंबर माझा लागला. मी एका छोट्या सोलर कंपनीत फायलींचं काम बघते, म्हणजे ग्राहकाचा अर्ज सरकारी पोर्टलवर टाकण्यापासून ते नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागून सबसिडी खात्यात पडेपर्यंत जेवढे कागद लागतात ते सगळे माझ्या गळ्यात. पॅनल बसवणारी मुलं वेगळी, फोनवर बोलणी खाणारी मी.

हॉटेलचा हॉल गच्च भरलेला. बाहेर स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर टोपी, पेन, डायरी आणि एक सूटवाला मुलगा जो तुम्हाला टॉपकॉन आणि बायफेशियल या पॅनलच्या प्रकारांमधला फरक समजावल्याशिवाय सोडत नाही. आत स्टेजवर सगळं गिगावॉटमध्ये. जानेवारी २०२५ च्या शेवटी देशाची सोलर क्षमता १०० गिगावॉटच्या वर गेली, कच्छात खावड्याला ३० गिगावॉटचा पार्क उभा राहतोय, वगैरे वगैरे. खोटं काहीच नाही त्यात, आणि ऐकायला छानही वाटतं, पण माझ्या टेबलावर येणारा माणूस तीन किलोवॉटचा असतो हो, आणि एका गिगावॉटमध्ये दहा लाख किलोवॉट बसतात. त्याला खावड्याशी काय करायचंय, त्याला मे महिन्यात एसी लावायचाय.

तरी एक गोष्ट तिथे चांगली निघाली. कोणीतरी विचारलं की छतावरच्या सोलरमध्ये गुजरातच पुढे का, ऊन तर राजस्थानातही भरपूर आहे. घराच्या छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, १० मार्च २०२५ ला देशात दहा लाख घरं पूर्ण झाली आणि त्यात पहिला नंबर आपला. माझं उत्तर असं की इथे २०१९ मध्येच राज्याची सूर्य गुजरात योजना आली होती, तीन किलोवॉटपर्यंत चाळीस टक्के सबसिडी आणि त्याच्यावर दहापर्यंत वीस टक्के. त्या काळात गल्लीगल्लीत व्हेंडर, म्हणजे सोलर बसवून देणारे, तयार झाले, वायरमन मुलं पॅनल चढवायला शिकली, वीज कंपनीच्या सबडिव्हिजनमधल्या क्लार्कला नेट मीटरची फाईल ओळखीची झाली. म्हणजे केंद्राची योजना आली तेव्हा इथे सगळी माणसं आधीच हजर होती. शेजारच्या सोसायटीत एकाच्या डोक्यावर निळं काहीतरी चमकलं की पुढच्या आठवड्यात त्याच लाइनीतले आणखी चारजण फोन करतात, ही जाहिरात कुठल्याच कंपनीला परवडणार नाही.

आता पैशाचं. सूर्यघरची सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००, मग तुम्ही पाच बसवा नाहीतर आठ. आणि हे फक्त डीसीआर पॅनलवर, म्हणजे सेलपासून (पॅनलमधले वीज बनवणारे चौकोन) सगळं भारतात बनलेलं. ते महाग पडतं, म्हणून काही जण सबसिडी सोडून साधं पॅनल घ्यायचा हिशोब मांडतात, मोठी सिस्टिम असेल तर तो कधीकधी बरोबरही निघतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बारावरून पाच टक्के झाला तेव्हा बरं वाटलं होतं, पण १ जून २०२६ पासून सेलसुद्धा सरकारच्या मान्य यादीतलेच लागणार म्हटल्यावर भाव कुठे जाणार यावर चहाच्या वेळेला जेवढी चर्चा झाली तेवढी स्टेजवर कुठल्याच विषयावर झाली नाही.

लोक हट्टाने मोठी सिस्टिम मागतात ते मात्र मला आवडत नाही. एक किलोवॉट आपल्याकडे दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे तीनचे बारा. तुमचा वापर तेवढाच असेल तर पाचची कशाला बसवायची, जास्तीची वीज ग्रिडला गेली तर युनिटला सव्वादोन रुपयांच्या आसपास मिळतात आणि तीच विकत घेताना इंधन आकार धरून दुपटीहून जास्त मोजतो आपण. हा धंदा करायला गच्ची नाही बांधली आजोबांनी.

आजोबांवरून आठवलं. जुन्या शहरातल्या दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी लोकांच्या फायली म्हणजे माझा खरा अभ्यासक्रम. वाडा पणजोबांचा, लाइटबिल आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, गच्चीत चार चुलत्यांचा वाटा, त्यातला एक पुण्यात आणि एक अमेरिकेत. अर्ज बिलावरच्या नावाने होतो आणि सबसिडी अर्जदाराच्या बँक खात्यात येते, तर आजोबांचं खातं आणू कुठून? मग आधी नावबदल, त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, स्टँपपेपर. एका काकूंना हे सगळं समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, इतकी वर्षं बिल त्यांच्याच नावाने येतंय, तेवढं तरी राहू दे की गं." मी म्हटलं काकू, आजोबा कुठे जात नाहीत, फक्त बिलावरचं नाव बदलतंय. त्यावर त्यांनी मला गूळपोळी दिली आणि सही पुढच्या महिन्यात केली. पॅनल चढवायला एक दिवस पुरला, सह्या गोळा करायला पावसाळा गेला. मार्केट वाढतंय म्हणतात ते अशा वाड्यांच्या बाहेर, न्यू व्हीआयपी रोडला, मांजलपूरला, वाघोडिया रोडच्या टेनामेंटमध्ये, जिथे एक घर, एक मालक, एक गच्ची. जुन्या शहरात सोलर कमी दिसतं त्याचं कारण ऊन नाही, सातबारासारखं गुंतलेलं घराणं.

आणि गच्ची म्हटली की उत्तरायण. बाहेरच्या कंपनीचे लोक डिझाइन पाठवतात त्यात पॅनल गच्चीवर जमिनीलगत अंथरलेले असतात, ते बघून ग्राहक एकच विचारतो, पतंग कुठून उडवायचा? म्हणून बडोद्यात उंच स्ट्रक्चर चालतं, खालून माणूस सरळ उभा चालेल एवढं, त्याचं लोखंड जास्त लागतं आणि वारा जास्त धरतो म्हणून पायाचं काम नीट लागतं, खर्च वाढतो तो ग्राहकाच्या खिशातून. १४ जानेवारीनंतरचा आठवडा आमच्याकडे तक्रारींचा: मांजा क्लँपमध्ये अडकलाय, कोणाचा तरी भाचा पतंग काढायला पॅनलवर चढला. वरून काच शाबूत दिसते, आत सेलला बारीक तडे जातात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, महिन्यांनी युनिट कमी यायला लागतात तेव्हा कळतं. वानरांचं तर काय सांगायचं, ती पॅनलची घसरगुंडी करतात, आणि पॅनलखाली कबुतरं संसार थाटतात. जाळी लावा म्हटलं की लोक म्हणतात नंतर बघू.

हे सगळं मी का सांगतेय, तर कॉन्फरन्समध्ये देखभालीवरचं सेशन जेवणानंतर होतं आणि हॉलमध्ये खुर्च्या जास्त, माणसं कमी. सकाळी विक्रीवर बोलताना उभं राहायला जागा नव्हती. आता योजनेच्या नियमानुसार व्हेंडरने पाच वर्षं देखभाल करायची असते. २०२४ मध्ये जे बसले त्यांची पाच वर्षं २०२९ ला संपणार. पॅनलच्या कार्यक्षमतेची गॅरंटी पंचवीस वर्षांची असते खरी, इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) त्याहून पुष्कळ कमी, आणि ज्या व्हेंडरने बसवलं तो टिकेल का याची गॅरंटी कुठल्याच कागदावर नसते. माझ्याकडे आत्ताच असे फोन येतात की ताई, आमचं दुसऱ्याने बसवलंय, त्याचा नंबर बंद आहे, तुम्ही बघाल का. बघतो आम्ही, पण दुसऱ्याचं अर्थिंग उघडलं की आत काय सापडेल सांगता येत नाही.

ऑगस्ट २०२४ चा पूर आठवा. आपल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. कित्येक ठिकाणी इन्व्हर्टर आणि डीबी (स्विच-फ्यूजची पेटी) खाली पार्किंगमध्ये छातीएवढ्या उंचीवर बसवलेले, ते अख्खे पाण्यात. आणि ज्यांचे वाचले त्यांचा फोन वेगळाच: पाऊस थांबलाय, ऊन पडलंय, वर पॅनल आहेत, मग घरात लाइट का नाही? त्यांना विकताना कोणी सांगितलंच नव्हतं की साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय लाइनला जोडलेल्या सिस्टिममध्ये लाइन गेली की इन्व्हर्टरही बंद होतो, मुद्दामच, कारण नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या घराच्या विजेचा झटका बसेल. लाइन गेल्यावरही लाइट राहायला बॅटरी हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्या आणि त्याचे पैसे वेगळे मोजा. त्या पुरानंतर आम्ही इन्व्हर्टर जिन्याच्या वरच्या खोलीतच लावतो, वायर थोडी जास्त जाते, जाऊ दे.

त्या रिकाम्या सेशनमध्ये मी हात वर करून विचारलं की व्हेंडर बंद पडला तर राहिलेल्या वर्षांची देखभाल कोणाकडे, शहरातल्या पाच-सात छोट्या कंपन्यांनी मिळून एक सर्व्हिस टीम का ठेवू नये. स्टेजवरच्यांनी प्रश्न चांगला आहे म्हटलं आणि पुढच्या स्लाइडवर गेले. पण बाहेर चहाला कारेलीबागेतला एक आणि गोत्रीतला एक असे दोन व्हेंडर येऊन बोलले, त्यांचीही तीच डोकेदुखी, दोघांकडेही सर्व्हिसला एकेकच मुलगा आणि तोच इन्स्टॉलेशनलाही जातो. पुढच्या रविवारी आमच्या ऑफिसात बसतोय तिघं. पहिला विषय धुलाईचे दर, कारण घरमालक सध्या स्वतःच पाइप घेऊन भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारतात, तेही बोअरचं, क्षाराचे पांढरे डाग पडतात ते वेगळेच. सकाळी लवकर धुवा, टाकीचं पाणी वापरा, आणि घासायला ती भांड्यांची तारेची घासणी नका वापरू प्लीज.