खालीचे चार चौकोन

दिवाणाखालची जागा आईला गव्हाच्या पिंपासाठी हवी होती, म्हणून ते कॅबिनेट बाहेर निघालं. भंगारवाला चारला येणार होता. त्याआधी एकदा बटण दाबून बघावं म्हटलं, तर पठ्ठ्या सुरू झाला की! विंडोज 98, आणि डेस्कटॉपवर एक फळ. फ्रूटीलूप्स.

मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचा तो डेमो. दिदिए दांब्रँ नावाच्या बेल्जियन प्रोग्रॅमरने 1997 साली केलेलं, कॉम्प्युटरवर संगीत जमवायचं सॉफ्टवेअर. पुढे 2003 मध्ये त्याचं एफएल स्टुडिओ झालं आणि जगभरच्या डीजेंनी ते डोक्यावर घेतलं. डेमोची मेख अशी, की केलेलं काम पुन्हा उघडता यायचं नाही. एका बैठकीत सगळं जमवायचं, वेव्ह फाइल काढायची आणि तोवर लाइट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. लोडशेडिंगच्या काळात हा शौक करणाऱ्यांची भक्ती आपोआप वाढली.

स्क्रीनवर एकेका वाद्याची एकेक ओळ, ओळीत सोळा चौकोन, आणि दर चारांनंतर रंग बदललेला; जो चौकोन पेटवाल तिथे ते वाद्य वाजणार. करणाऱ्याच्या मनात डिस्को असेल. आमच्या घरात त्याला सोळा मात्रांचा तीनतालच म्हणणार. चार विभाग आयते पाडून दिलेले!

तबला अर्थातच त्यात नव्हता. मग तेव्हा काकांना बसवलं, हेडफोनचा माइक पुस्तकांच्या ढिगावर टेकवला आणि विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये एकेक बोल पकडला. तो साठ सेकंदांना बंद पडायचा, काका सूर लावण्यातच चाळीस घालवायचे. बोल तीनच लागले: ता, तिं आणि डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या घुमणाऱ्या तबल्याचा, गे. धा वेगळा घ्यायची गरजच नाही. ता आणि गे एकाखाली एक पेटवले की धा, तिं आणि गे पेटवले की धिं. हे क्लासमध्ये ऐकलं होतं, पण दिसलं तेव्हा पहिल्यांदा.

खरी गंमत डग्ग्याच्या ओळीत. तीनतालाची ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात उलटा करायची जागा, नवव्या मात्रेवर, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तिथे धा आहे, डग्गा वाजतोच. गप्प होतो तो दहाव्याला, आणि तेराव्यापर्यंत गप्प राहतो. म्हणजे विझलेले चार चौकोन तिसऱ्या विभागात बसत नाहीत, एक घर पुढे सरकून चौथ्यात पाय ठेवतात. काकांनी चष्मा कपाळावर चढवून पडद्याकडे बघितलं, मांडीवर ठेका धरला आणि म्हणाले, “असं होतं होय? हात करतो रे, मी कधी मोजलं नाही.”

आमचे तिन्ही बोल अजून त्या डिस्कवर होते. ओळी पुन्हा भरल्या. सुरुवातीचा टेम्पो मिनिटाला 140 ठोके, पण तिथे एका ठोक्यात चार चौकोन. त्या वेगाने मिनिटाला 560 मात्रा झाल्या, नुसती गारपीट. 35 वर आणलं तेव्हा ठेका माणसात आला. आणि मग ऐकू आली ती स्कूटर. ‘ता’ घेताना खाली कुणीतरी किक मारली होती, ती बोलाच्या शेपटीला चिकटलेली. डग्गा चालू असेपर्यंत ती झाकली जाते. बाराव्या-तेराव्या मात्रेला डग्गा नाही, तिथे दोनदा किक स्वच्छ ऐकू येते. गाडी काही सुरू होत नाही.

मैफलीत लोक खालीला हात उलटा करतात, मी मनात चार चौकोन विझवतो. वाईट खोड आहे. रूपक ताल लागला की पंचाईत होते: सात मात्रा, रंग चार-चारचे, त्यात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली, म्हणजे डग्ग्याचा पहिलाच चौकोन बंद. रूपक भरायला घेणार तेवढ्यात चार वाजले. जाऊ दे, तसाही रूपक मला तालात कधी सापडलेला नाही.