कवी आणि चिल्लर

जुनी नाणी विकणाऱ्या एकाकडून मी हौसेनं एक आयरिश पेनी घेतली. ब्राँझची, तळहातावर ऐसपैस बसणारी. एका बाजूला वीणेसारखं हार्प, दुसऱ्या बाजूला कोंबडी आणि पायांशी घुटमळणारी तिची पिल्लं. राजा नाही, संत नाही, हुतात्मा नाही. कोंबडी! आणि ही कोंबडी पसंत करणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण, तर आयरिश कवी विल्यम बटलर येट्स.

हाच येट्स तरुणपणी लिहिलेल्या ‘काउंटेस कॅथलीन’ या नाटकात दुष्काळात सोनं देऊन गरिबांचे आत्मे विकत घेणारे सैतानाचे दलाल आणतो. पुढे ‘सप्टेंबर 1913’ या कवितेत त्यानं डब्लिनच्या दुकानदारांना चांगलंच सोललंय: तेलकट गल्ल्यात चाचपडायचं, पेनीला अर्धी पेनी जोडत बसायचं, हेच यांचं आयुष्य! त्याआधीच्या एका कवितेत मात्र, आपण प्रेम करावं की नाही हे ठरवायला त्यानं चक्क पेनी उडवली होती. म्हणजे चिल्लर खिशात होतीच, फक्त ती मोजणं कवीला कमीपणाचं वाटे. 1923 मध्ये रात्री वृत्तपत्राच्या कचेरीतून नोबेलची बातमी आली, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ‘किती पैसे?’ असा होता म्हणतात. पुढचं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. पत्रकार गेल्यावर नवरा-बायकोनं तळघरात वाइनची बाटली शोधली, एकही सापडली नाही. काहीतरी साजरं करायलाच हवं म्हणून दोघांनी सॉसेज शिजवून खाल्ले. मला हा येट्स फार आवडतो.

तोवर आयर्लंड नुकताच मोकळा झाला होता आणि हा सिनेटर झाला होता. नाणी आणि टपाल तिकिटं हे राष्ट्राच्या अभिरुचीचे मुके राजदूत असतात, असं तो सिनेटमध्ये म्हणाला. 1926 मध्ये नाण्यांची समिती त्याच्याकडे आली. शिल्पकारांना नमुना म्हणून प्राचीन ग्रीक नाण्यांचे फोटो पाठवले गेले. निवड झाली पर्सी मेटकाफ या इंग्रजाची. ज्यांच्याशी लढून स्वातंत्र्य मिळवलं त्यांच्याच माणसाकडून नाणी करून घेतली, यावर काय कुजबुज झाली असेल!

1928 च्या अखेरीस नाणी बाजारात आली. हाफ क्राउनवर घोडा, फ्लोरिनवर सामन मासा, शिलिंगवर बैल, सहा पेन्सवर शिकारी कुत्रा, तीन पेन्सवर ससा, अर्ध्या पेनीवर पिल्लांसह डुकरीण. ज्या अर्ध्या पेनीवरून त्यानं दुकानदारांना टोमणे मारले होते, ती आता त्याच्याच पसंतीची होऊन त्यांच्या गल्ल्यात पडणार होती. धार्मिक मंडळींनी ओरड केली की देवाचं नाव नाही, संत नाहीत, नुसती जनावरं!

खरी गंमत त्याआधीच झाली होती. चित्रं शेतीच्या जाणकारांना दाखवली, तेव्हा त्यांनी कलेकडे पाहिलंच नाही, जातिवंतपणा तपासला. पहिला बैल बाद झाला. असा बैल आदर्श मानला तर गोठ्यातली पैदासच बिघडेल, असं येट्सनं त्याचं कारण मिश्कीलपणे नोंदवलंय. पण डुकराच्या बाबतीत त्याला सुस्कारा आवरला नाही. डुकराच्या गालांना बाजारात काय भाव मिळतो ते पाहता गोल गालांचं जुनं चित्र ठेवणं शक्यच नव्हतं, हे तो कबूल करतो. पण नवं डुक्कर विकाऊ माल म्हणून चांगलं असलं तरी तितकं जिवंत नाही, हेही सांगून टाकतो.